दोन लेथमधलं खोकं

"म्हणजे चाचा, शेड तुम्ही चालवत नव्हता?"

"मी? मी बाकड्यावर बसून तंबाखू मळायचो." घराच्या ओट्यावर बसलेले हुसेनचाचा मुजावर हसले. "बघितलायस की."

सन्मती शिरगुप्पेनं बघितलं होतं. वीस वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका कारखान्याच्या शेडमध्ये चाचा फोरमन होते आणि त्यांच्याच हाताखाली तो लेथवर लोखंड कातायला शिकला होता. पुढं परदेशात जाऊन त्यानं प्रबंध लिहिला : मुंग्यांना, पाखरांना कुणी हुकूम देत नाही, तरी त्यांचं कसं जमतं. आणि परत येऊन त्याच शेडचा मॅनेजर झाल्यावर या साहेबांनी पहिलं काम काय केलं, तर एका कॉम्प्युटरच्या पडद्यावरून सगळ्यांना हुकूम सोडायला सुरुवात केली.

काल तीन नंबरच्या लेथचं टूल मोडलं. बाकीचे पडद्याबरहुकूम काम करत राहिले. दुपारपर्यंत अर्धवट भाग गुडघाभर साचले. महिन्यातली ही चौथी खेप. आणखी एकदा काम तुंबलं, तर मालक शेडला कुलूप लावणार होते.

"सगळं गणितात बसवलंय, चाचा. तरी का तुंबतंय?"

चाचांनी उलटंच विचारलं. "तुझ्या पुढच्या लेथवर कोण होतं रं?"

"महिपती सुतार." सन्मतीला आठवावंही लागलं नाही. "आमच्या दोघांच्या मधे लाकडी खोकं असायचं. माझं झालेलं काम मी त्यात टाकायचो, ते उचलायचे. दुपारनंतर त्यांचा डावा हात आखडायचा. खोकं भरत आलं, की मी माझं मशीन थांबवून त्यांच्या मदतीला जायचो. मग त्यांच्या डब्यातली अर्धी भाकरी माझी..."

फार चांगले दिवस होते ते.

"जा म्हणून कोण सांगायचं?"

"कुणीच नाही. खोकं दिसायचं की."

"आन् आता तीन नंबरवर कोण असतंय?"

सन्मतीला नाव ठाऊक नव्हतं.

चाचा उठून परसात गेले. तिथं एका जुन्या खोक्यात कोंबडी बसली होती. शेडमधली सगळी खोकी सन्मतीनंच अडगळ म्हणून बाहेर काढली होती, त्यातलंच हे एक. चाचांनी कोंबडीला हुसकलं, पेंढा झटकला आणि खोकं त्याच्या हातात दिलं. कडेला अजून तेलाचा काळा डाग होता.

सन्मतीनं ते छातीशी धरलं.

"चाचा... हे ठेवू कुठं?"

"दोघांचा हात पोचंल तिथं."