उजेडबुवांचा उजेड

“पण बाबा, त्या रात्री आभाळातून गेलं ते नेमकं काय होतं?”

भिवसेनने तिसऱ्यांदा विचारलं. खेमगिरीबाबा मठाच्या ओट्यावर शेंगा सोलत बसले होते. त्यांनी एक दाणा स्वतःच्या तोंडात टाकला, दुसरा त्याच्या हातावर ठेवला.

भिवसेनला भिवसेन म्हणणारं आता कुणी उरलं नव्हतं. पंचक्रोशीत तो उजेडबुवा. सव्वीस वर्षांपूर्वी, याच मठात शिष्य असताना, बाबांबरोबर माधुकरी मागून परतताना त्याने ते पाहिलं होतं. हिरवट-पांढरा गोळा माळावरून सरसरत गेला, भर अंधारात दिवस उगवल्यासारखं झालं, गोळ्याचे तीन तुकडे झाले आणि बऱ्याच वेळाने लांबवर गडगडलं.

तेवढ्या एका प्रसंगावर त्याने मठ सोडला आणि प्रवचनं सुरू केली. नशीब असं फळफळलं की गावोगावी मांडव पडू लागले. गोष्टही दरवर्षी थोडी थोडी अंग धरत गेली. गेल्या चैत्रात गोळ्याचे सात तुकडे झाले होते.

लोक अजून रडत. त्याच्या डोळ्यांत मात्र दोन वर्षांत टिपूस आलं नव्हतं. तो उजेड आठवायला गेलं की फक्त स्वतःचाच आवाज ऐकू येई. ज्याच्या जिवावर आयुष्य उभं केलं तेच हातातून निसटलं, या विचाराने त्याला धडकी भरायची. त्या उजेडाच्या वेळी त्याच्यासोबत असलेले जगात एकटे बाबाच होते. म्हणून तो आला होता.

मठ तसाच होता. तोच लिंब, तोच काठ फुटलेला रांजण. आत चुलीवर भाकरी करपल्याचा वास आला आणि त्याला उगाच गलबलून आलं. इथे तो किती सुखी होता, हे इतक्या वर्षांत त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

“एवढंच सांगा, बाबा. तुम्हाला तेव्हा काय दिसलं?”

बाबांनी शेंगांची सुपली बाजूला सारली.

“पाय दे इकडं.”

“कुठला?”

“डावा.”

भिवसेन संकोचला. आताशा लोक त्याच्या पायांवर डोकं ठेवत, पण गुरूंनी पायाला हात लावायचा म्हणजे… तोवर बाबांनी पाय मांडीवर ओढूनही घेतला होता. मोतीबिंदूने त्यांचे डोळे गढूळ झाले होते. ते अंगठ्याने टाच चाचपू लागले. एका जागी अंगठा थांबला. तिथे बिब्ब्याच्या चटक्याचा जुना काळा डाग होता.

“थंडीत दुखतंय का अजून?”

मग त्याला आठवलं. प्रवचनात कधीच न आलेलं सगळं आठवलं.

त्या रात्री माळावर बाभळीचा काटा टाचेत खोल रुतला होता. कंदील वाऱ्याने विझला होता. तो दगडावर बसून लहान पोरासारखा विव्हळत होता. आणि बाबा खाली मातीत बसले होते, हाच पाय मांडीवर घेऊन, करदोट्याला बांधलेला चिमटा हातात धरून. नंतर मठात बिब्बा तापवून चटका देताना त्यांनी दुसऱ्या हाताने त्याचा हात घट्ट धरला होता. त्या हाताची ऊब त्याला आत्ता जाणवली.

भिवसेनच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्याने ते पुसलं नाही.

“बाबा… तुमी वर बगितलंच न्हाई?” बुवांची मांडवातली शुद्ध भाषा कुठल्या कुठे गेली होती.

“न्हाई.”

“आख्खं आभाळ पेटलं व्हतं, बाबा…”

“आसंल.”

बाबांनी डागावरून पुन्हा एकदा अंगठा फिरवला आणि पाय हलकेच खाली ठेवला.

“मला काटा दिसला.”