आतून शेंदरी कॅमेरा

पुष्कळ पुष्कळ वर्षांमागची गोष्ट आहे. तेव्हा राजे होते आणि फोटोही होते. दोन्ही एकाच वेळी कसे, असं ज्यांना विचारायचं असेल त्यांनी जरा मागच्या रांगेत बसावं. लहान मुलं असलं काही विचारत नाहीत.

एका घाटाच्या पायथ्याला एक गाव होतं. गावात लाकडी खेळणी रंगवणारे चितारी राहत. बाहुल्या, भोवरे, पाळण्यावरचे पोपट, कुंकवाचे करंडे, सगळं त्यांच्या हातून रंगून बाहेर पडे. या चिताऱ्यांचा एक जुना दंडक होता. जे उघडतं, ते आतूनही रंगवायचं. करंडा असो की पेटी, झाकण उघडलं की आत रंग दिसलाच पाहिजे. ‘बाहेर रंग अन् आत कोरं, काम ते नव्हे खरं’ असं त्यांच्यात म्हणत, आणि आत कोरं ठेवणाऱ्याला भर पंगतीत चिडवत.

त्यांच्यातला एक चितारी हाताने फार चांगला होता. हे त्यालाही माहीत होतं, एवढाच काय तो त्याच्यातला दोष.

एकदा आठवड्याच्या बाजारात, गंजलेल्या कड्या-कोयंड्यांच्या ढिगात, त्याला एक जुना कॅमेरा सापडला. घडीचा होता. झाकण उघडलं की कातड्याचा भाता पुढे येई आणि त्याच्या टोकाला भिंगाचा डोळा असे. कातडं सोलवटलं होतं, भात्याला भोकं पडली होती आणि भिंगावर बुरशी होती.

“हा घेऊन करणार काय?” बाजारातल्या लोकांनी विचारलं.

“काही नाही. हौस,” चितारी म्हणाला.

हौसेला मोल नसतं आणि उत्तरही नसतं. लोक आपापल्या बाजाराला लागले.

चिताऱ्याने ओट्यावर कॅमेरा सुटा केला. एकेक स्क्रू काढून नारळाच्या करवंटीत ठेवला. भिंगामागचा पडदा हलेना म्हणून त्यात खोबरेल तेल घातलं, तर तो आणखीच चिकटला. मग घासलेटाने सगळं धुऊन काढलं, भिंगावरची बुरशी पुसली, भात्याच्या भोकांना कातड्याची ठिगळं लावली आणि दोन दिवस वाळवलं. तिसऱ्या दिवशी कळ दाबताच पडदा ‘टक्’ करून उघडला आणि मिटला. चितारी इतका हरखला की त्याने जेवायच्या आधी शंभर वेळा तरी ती कळ दाबली असेल.

मग त्याने कॅमेऱ्याची पाठ उघडली. आत काळाकुट्ट अंधार होता आणि अंधारात एक म्हातारा कोळी जाळं करून बसला होता.

“बाबा रे,” कोळी म्हणाला, “मला बाहेर काढतोस, काढ. पण आतलं हे काळं तसंच राहू दे. मी इथं वर्षानुवर्षं राहिलो. या घरात सगळ्यात कामाचं काही असेल तर ते हेच.”

“तुला जाळं टाकायला अंधार हवा, म्हणून तू असं म्हणतोस,” चितारी म्हणाला.

हे खरंच होतं. पण स्वतःच्या फायद्याचं बोलणारा नेहमी खोटंच बोलतो असं नाही. चिताऱ्याने कुंचल्याच्या टोकाने कोळ्याला उचलून आढ्याला सोडलं आणि कामाला लागला.

बाहेरून त्याने कॅमेऱ्याला खंड्याच्या पाठीचा निळा रंग दिला. चार वेळा दिला, आणि दर वेळी लाख चढवून केवड्याच्या पानाने घासून चकाकी आणली. कडेने आंब्याची पानं काढली. भिंगाच्या दोन बाजूंना दोन पोपट काढले. मग पाठ उघडून आत हात घातला. जुना काळा रंग खरवडून काढला, तिथं शेंदरी रंग दिला, त्यावर सोनेरी बेगडाची वेलबुट्टी चिकटवली. भात्याच्या घड्यासुद्धा सोडल्या नाहीत. शेवटी आतून अशी लाख चढवली की त्यात माणसाला आपलं नाक दिसावं.

गाव बघायला लोटलं. कॅमेरा बाहेरून बघून लोक ‘वा’ म्हणत, आणि चितारी पाठ उघडून दाखवी तेव्हा एकमेकांच्या खांद्यावरून डोकावत. नुसता आ वासत. जातीच्या चिताऱ्यांनी कानाला हात लावले. अशी नजाकत त्यांनी कुणाची पाहिली नव्हती.

इथवर सगळी गंमतच होती. इथं थांबली असती तर गोष्ट सांगायची गरज पडली नसती.

चिताऱ्याची एक थोरली बहीण होती. तिला सगळे अक्का म्हणत. नवरा गेल्यावर ती भावाकडे आली, ती तीस वर्षं त्याच्याच घरी राहिली. रंग कुटून देणं, लाख पातळ करणं, वेळेवर जेवायला हाक मारणं, ही सगळी तिची कामं. अलीकडे तिच्या डोळ्यांपुढे धुकं येऊ लागलं होतं. वैद्यांनी सांगितलं होतं, “वर्षभर दिसेल. पुढचं आमच्या हातात नाही.” घाटापलीकडे अक्काची लेक दिली होती. ती म्हणाली, “आईला मी नेते. मामाकडून डोळे गेलेल्या माणसाचं होणार नाही.” ते बरोबरच होतं.

जायच्या आदल्या दिवशी अक्का भावाला म्हणाली, “तुझ्या त्या कॅमेऱ्याने एक फोटो काढशील? तू नि मी, आपल्या ओट्यावर. मागं दार दिसू दे. तुझ्या रंगाच्या करवंट्या दिसू देत. तिकडं गेल्यावर डोळे आहेत तोवर बघत बसेन. एकदा नीट पाठ झालं, म्हणजे मग डोळे गेले तरी चालतील.”

“एवढंच ना?” चितारी म्हणाला. “असा फोटो काढतो की राजाच्या महालात नसेल.”

त्या गावात फिल्मचा रोल वर्षातून एकदा, जत्रेला येणाऱ्या फेरीवाल्याकडे मिळे. चिताऱ्याकडे एकच रोल होता. आठ फोटोंचा. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं ओट्यावर बसली. अक्काने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. शेजारच्या तेलिणीने कळ दाबली. काही कमीजास्त व्हायला नको म्हणून चिताऱ्याने आठही फोटो तिथल्या तिथं काढवले. दुपारी अक्काची बैलगाडी निघाली.

“फोटो धाडतो गं!” चितारी ओरडला.

“खिळा ठोकून ठेवते!” गाडीतून अक्का म्हणाली.

फोटो धुऊन देणारा एकच म्हातारा, तो राजधानीत राहायचा. चितारी तीन दिवस चालून तिथं पोचला. म्हाताऱ्याने रोल घेतला आणि दुसऱ्या दिवशी आठ कागद त्याच्यापुढे ठेवले. आठही पांढरेफटक होते. एकावर फार निरखून बघितलं तर दोन धुरकट डाग दिसत. कोणता डाग अक्का, हे चिताऱ्यालाही सांगता आलं नाही.

“तुमच्या हातून काही चुकलं असेल, बाबा,” चितारी म्हणाला. त्याचा आवाज चढला होता.

“चुकत असेन. आण बघू तुझा कॅमेरा,” म्हातारा म्हणाला.

म्हाताऱ्याने निळा रंग बघितला, पोपट बघितले, मान डोलावली. मग पाठ उघडली. आतला शेंदूर आणि बेगड असे लखलखले की म्हाताऱ्याच्या दाढीवर सोनेरी कवडसा पडला. त्याने पाठ हळूच मिटली.

“तू बाहुल्या करतोस ना, गड्या?”

“हो.”

“बाहुलीचे डोळे कधी काढतोस?”

“सगळ्यात शेवटी.”

“आणि डोळ्याच्या मधोमध काय काढतोस?”

“काळा ठिपका.”

“शेंदरी का नाही काढत? शेंदरी किती शोभून दिसेल!”

चितारी हसला. “असं कसं, बाबा? मग ती बघणार कशी?” आणि एवढं बोलला तसं त्याचं हसू तोंडावरच थिजलं.

“भिंगातून उजेड येतो तो फिल्मवर पडायला,” म्हातारा म्हणाला. “वाटेतल्या भिंतींनी तो गिळायचा असतो. तुझ्या भिंती तो चारी बाजूंनी उधळतात. जन्मभर तू काळे ठिपके देत आलास, ते कशाला, हे कधी विचारलं नाहीस.”

चितारी घरी आला. त्याने आतली लाख खरवडली, बेगड सोलून काढलं, वेलबुट्टी पुसली. समईची काजळी धरून ती डिंकात कालवली आणि आतली प्रत्येक घडी काळी केली. केवड्याचं पान मात्र लावलं नाही. असं बिनचकाकीचं, कुणी वाखाणणार नाही असं काम त्याने आयुष्यात पहिल्यांदा केलं. आढ्यावरून म्हातारा कोळी सगळं बघत होता. ‘मी सांगत होतो’ असं तो म्हणाला नाही, हा त्याचा मोठेपणा.

पण रोल? रोल जत्रेला येणार, आणि जत्रेला अजून दहा महिने होते. चितारी थांबला. न थांबून सांगतो कुणाला!

जत्रा आली, रोल आला. चितारी एकटाच ओट्यावर बसला. शेजारी अक्काची जागा मोकळी ठेवली. मागं दार, पुढ्यात करवंट्या. तेलिणीनेच कळ दाबली. राजधानीच्या म्हाताऱ्याने फोटो धुऊन त्याच्या हातात दिला तेव्हा त्यात कुंचल्याचा केस न् केस मोजता येत होता. दाराच्या चौकटीवरचं अक्काच्या हातचं रंगाचं बोटसुद्धा आलं होतं. चितारी फोटो उपरण्यात गुंडाळून तसाच घाट चढला.

भाचीच्या घरात शिरताच त्याला भिंतीवरचा खिळा दिसला. खिळ्यावर काही नव्हतं. खाली अक्का तांदूळ निवडत बसली होती, आणि ते ती बोटांनी चाचपून निवडत होती.

“अक्का, फोटो आणलाय.”

अक्काने हात पुढे केला. तिने कागदावरून अंगठा फिरवला, एकदा सरळ, एकदा आडवा.

“संक्रांतीपर्यंत दिसत होतं रे,” ती म्हणाली. “रोज या खिळ्याकडे बघायची.”

चितारी खाली बसला.  अक्का म्हणाली, “चांगला आलाय का?”

“फार चांगला आलाय.”

“मग सांग काय काय दिसतंय.”

तो सांगू लागला. दार. करवंट्या. चौकटीवरचं बोट. तिची मोकळी जागा.  मग तिने कॅमेरा मागून घेतला आणि त्यावरून हात फिरवला.

“कसा गुळगुळीत रंग दिलायस! कोणता?”

“खंड्याचा निळा.”

“आणि आतून?”

“काळा,” चितारी म्हणाला. “आता काळा.”

फोटो त्याच खिळ्यावर टांगला. येणारेजाणारे तो बघत आणि चिताऱ्याच्या कारागिरीची तारीफ करत. ज्या एका माणसासाठी तो काढला होता ते माणूस त्याच्याखाली तांदूळ निवडत बसे.

त्यानंतर त्या गावच्या चिताऱ्यांनी आपला दंडक बदलला. आता तुम्ही तिथं एखादी पेटी रंगवायला दिलीत तर चितारी आधी विचारतो, “हिच्यात काय ठेवता? ही कशी वापरता? आत असं का ठेवलंय?” गिऱ्हाईकाला कंटाळा येतो. चितारी मात्र उत्तर मिळेपर्यंत कुंचला बुडवत नाही.

तात्पर्य: एखाद्या गोष्टीतलं उणं भरून काढण्याआधी, ते उणं तिथं कशासाठी आहे, हे विचारावं.