म्हाळू रंगाऱ्याचा हरवलेला गुन्हा

एका राज्यात राजा होता, राजाकडे सोनं होतं, आणि सोन्याला शाप होता. राज्याचं नाव विचारू नका, मी सांगणार नाही. तिथले लोक फार लवकर रागावतात.

त्या राज्यात तुरुंग एक आणि तुरुंगात कोठडीही एकच. दिवेलागणीला कोठडी रिकामी असली, की तिच्या भिंती कण्हायला लागत, आणि तिकडे खजिन्यात सोन्याच्या एका राशीचे खडे होत. साधे, रस्त्यावरचे खडे. म्हणून राजा सुवर्णभानूचा कोतवालाला हुकूमच होता, की कोठडी रिकामी राहता कामा नये. आधी चोर पुरले, मग दरोडेखोर पुरले, मग तेही संपले. मग देवळासमोर शिंकणारा धरला, उलटं पागोटं बांधणारा धरला, पंगतीत एकटाच हसणारा धरला. लोक म्हणत, "धरलंय ना, म्हणजे काहीतरी केलंच असेल," आणि आपापल्या कामाला लागत. कोठडीत गेलेला माणूस हळूहळू दगडाचा होई. पुरता दगड झाला की त्याला उचलून वेशीबाहेरच्या रस्त्याला उभा करत, आणि कोठडी पुन्हा रिकामी. आता बोला!

अशाच एका संध्याकाळी म्हाळू रंगारी नदीवरून ओली कापडं घेऊन घरी निघाला होता. सूर्य टेकलेला, कोठडी रिकामी, कोतवालाचा जीव टांगणीला लागलेला. त्याने म्हाळूला अडवलं.

"हात दाखव."

हात कोपरापर्यंत निळे.

"हे कसले डाग?"

"निळीचे, सरकार."

"निळीचे की कसले, ते नंतर बघू."

म्हाळू आत गेला, आणि ते नंतर काही आलंच नाही.

म्हाळूची बायको भिवरा. तोंडाची फटकळ, मनाची हळवी. सकाळी उठून ती कोतवालाच्या दारात उभी राहिली. "माझ्या नवऱ्याचा गुन्हा काय?"

कोतवाल म्हणाला, "बाई, मी फक्त धरतो. गुन्हे न्यायशास्त्र्यांकडे असतात."

न्यायशास्त्री म्हातारे, सज्जन, आणि कायम गोंधळलेले. त्यांनी उपरण्याखाली पाहिलं, बैठकीखाली पाहिलं. म्हणाले, "शिक्षा मीच सुनावली, हे पक्कं आठवतं. गुन्हा मात्र सापडत नाही. तू असं कर. एक फिर्यादी आण, एक साक्षीदार आण, आणि गुन्हा आण. तिन्ही आणलीस तर खटला चालवू. खटला चालला तर सुटकेची आशा."

"खटल्याशिवाय सोडता येत नाही?"

"छे, छे! भलतंच काय?"

"मग खटल्याशिवाय धरलं कसं?"

"धरण्याचं वेगळं असतं," शास्त्री म्हणाले, आणि ते खरंच वेगळं असतं का, याचा विचार करत बसले.

भिवरा कोठडीच्या खिडकीशी गेली. म्हाळू आत गुडघे चोळत होता. "भिवरे, रात्रभर विचार केला बघ. इतकी शहाणी माणसं उगाच कशाला कोंडतील? काहीतरी केलं असेल मी. लहानपणी पाटलांच्या बागेतल्या कैऱ्या चोरल्या होत्या..." बोलता बोलता त्याचे पाय गुडघ्यापर्यंत दगडाचे झाले.

खिडकीवर एक साळुंकी बसली होती. ती खेकसली, "त्याला गप्प कर, बाई! स्वतःबद्दल काहीतरी केलं असेल असं म्हटलं, की तेवढं अंग दगड होतं. किती जणांना ओरडून सांगितलं. ऐकतात कुठे?"

"मग मी काय करू? फिर्यादी कुठून आणू? ह्यांनी कुणाचंच काही वाकडं केलेलं नाही."

"शास्त्र्यांनी फिर्यादी आण म्हटलं. कुणाविरुद्धचा, ते म्हटलं का? या राज्यात एक फिर्याद आहे, ती आजवर कुणी ऐकून घेतलेली नाही. वेशीवरच्या चिंचेकडे जा. आणि माझं नाव सांगू नकोस, मला कोर्टकचेरीत अडकायचं नाही."

भिवरेने चिंचेच्या बुंध्याला हात लावला. चिंच बोलली. "पोरी, मी पाथरवटाची बायको. ती कोठडी माझ्या नवऱ्याने बांधली. या राजाच्या आजाने देवीचा मुकुट चोरला आणि आळ माझ्या नवऱ्यावर घालून त्यालाच तिच्यात कोंडलं. मी विचारलं, पुरावा काय? तो म्हणाला, धरलंय म्हणजे काहीतरी केलंच असेल. मला मंत्र येत होते. मी शाप दिला, की तुझे हेच शब्द माणसांचे दगड करतील, आणि ही कोठडी रिकामी राहिली तर तुझ्या सोन्याचे खडे होतील. मग इथेच रडत बसले, आणि माझं झाड झालं."

"आई, शाप सुटायचा कसा?"

चिंच बराच वेळ सळसळली. "तेही बोलले होते. पण तेव्हा संतापात होते गं, आता आठवत नाही."

भिवरेने कपाळावर हात मारला. चिंचेच्या सांगण्यावरून तिने एक फांदी तोडून घेतली, कारण फांदीलाही बोलता येत होतं. पहिलं काम झालं.

दुसरं काम साक्षीदाराचं. देवळामागचं तळं जे पाहील ते कधी विसरत नसे. भिवरा घागर घेऊन उतरली, तर पाण्याने आधी तिलाच दाखवलं. निळीत पाणी घालून गिऱ्हाईकाला फसवणारी भिवरा. सासू आजारी असताना माहेरी जाऊन बसलेली भिवरा. तिला रडूच कोसळलं. आपण कसला न्याय मागायला निघालोय? ह्यांनी तरी खरंच काही केलं नसेल कशावरून? आणि मीही आणखी काहीतरी केलंच असेल. मनात पाल चुकचुकली मात्र, पायाची करंगळी थंडगार पडली. दगड! भिवरा दचकली. "केलं ते केलं," ती पाण्याला म्हणाली, "त्याबद्दल विचार, मी उत्तर देईन. न केलेल्याचं माझ्या माथी मारू नकोस." करंगळी पुन्हा ऊन झाली. तिने घागर भरून घेतली.

परतताना ती खिडकीशी थांबली. म्हाळू छातीपर्यंत दगड झाला होता. "भिवरे, तूच सांग ना, मी काय केलं? तुला ठाऊक असेल."

"अहो, काही केलं नाहीत! ऐका माझं!"

"तू माझी बायको, तू असंच म्हणणार," तो म्हणाला, आणि दगड गळ्याशी आला. भिवरा धावतच सुटली.

तिसरं काम गुन्ह्याचं. राजाच्या आजाने चोरलेला मुकुट खजिन्याखेरीज कुठे असणार? खजिन्याच्या पहारेकऱ्यांनी भाले आडवे धरले. "सोनं नेता येणार नाही."

"सोनं नको. न्यायशास्त्र्यांनी गुन्हा आणायला सांगितलंय."

पहारेकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. गुन्हा नेऊ द्यायचा की नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी तिला आत सोडलं. आत सोन्यावर नाग वेटोळं घालून बसला होता. त्यालाही तिने तेच सांगितलं. नाग सुस्कारा टाकून बाजूला सरकला. "घेऊन जा एकदाचा. खाली फार टोचतो तो." सोन्याखाली देवीचा मुकुट होता. राशींचे खडे झाले तरी त्याचा कधी खडा झाला नव्हता, कारण तो राजाचा नव्हताच.

दरबार भरला. म्हाळूला गाडीवरून आणलं, हनुवटीपर्यंत दगड. राजा सिंहासनावर, कोतवाल खिडकीशी, मावळतीकडे डोळे लावून. भिवरेने फांदी, घागर आणि मुकुट मांडून ठेवले.

"वा! तिन्ही आणलीस!" शास्त्री खूश झाले. "आता तुझ्या नवऱ्यावर खटला चालवू."

पण फांदीने फिर्याद सांगितली ती भलतीच. घागरीतल्या पाण्यात दिसलं, राजासारखाच नाकेला एक माणूस तिन्हीसांजेला मुकुट शेल्याखाली लपवून नेतोय. शास्त्री पार गांगरले. "चोर तर मेला. पाथरवट दगड झाला. कोठडीत रंगारी. आता दोषी कोण म्हणायचा?"

"मुकुट सापडला कुणाच्या घरात?" भिवरेने विचारलं.

कोतवाल सवयीने बोलून गेला, "माल ज्याच्या घरात सापडला, त्याने काहीतरी केलंच असेल." बोलला आणि त्याने जीभ चावली. सगळा दरबार राजाकडे बघू लागला. मग मागून कुणीतरी ओरडलं, "कोंडा त्याला!" आणि सगळेच ओरडू लागले.

खरं सांगतो, भिवरेलाही क्षणभर गोड वाटलं ते. कुणाला वाटणार नाही? नवरा सुटणार होता, राजा आत जाणार होता, कोठडी भरणार होती. पण तिने म्हाळूकडे पाहिलं. त्याच्या गळ्यावर चढलेला दगड याच शब्दांचा होता.

"थांबा!" ती ओरडली. "आधी महाराजांना विचारा."

"अगं, तुझा नवरा सुटतोय ना? गप्प बस की!"

"नाही बसणार! माझ्या धन्याला कुणी विचारलं नाही, म्हणून ते असे झालेत. महाराजांना गुन्हा सांगा. मग त्यांना बोलू द्या. मग काय ते ठरवा."

आढ्यावरची साळुंकी म्हणाली, "वेडी आहे ही." पण उडून गेली नाही.

शास्त्री उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच हे काम करत होते. "महाराज, देवीचा मुकुट चोरल्याचा आरोप तुमच्यावर आहे. तुमचं म्हणणं काय?"

राजाने मुकुटाकडे पाहिलं. मग म्हणाला, "चोरी आजोबांनी केली, मी नाही. पण मुकुट कुठे आहे ते मला ठाऊक होतं. पाथरवट निर्दोष होता तेही ठाऊक होतं. सोनं वाचावं म्हणून मी माणसं कोंडत राहिलो. तो गुन्हा माझा."

"मग चोरीतून तुम्ही मोकळे," शास्त्री म्हणाले, "आणि माणसं कोंडल्याबद्दल दोषी." सूर्य बुडाला. कोठडी रिकामी होती. सगळ्यांनी कान झाकून घेतले, पण भिंती कण्हल्या नाहीत. चिंच विसरली होती ती शापाची अट हीच असावी. त्या राज्यात पहिल्यांदाच शिक्षेच्या आधी गुन्हा आला होता, आणि ज्याचा होता त्याच्याकडेच गेला होता.

म्हाळूच्या गळ्यावरून दगड ओघळून गेला. भिवरेने त्याला मिठी मारली आणि दरबारात ढसाढसा रडली. वेशीवर चिंचेची बाई झाली, केस पांढरेशुभ्र. समोर तिचा पाथरवट अंग झटकत उभा होता, तसाच तरुण.

"उशीर झाला का मला?" त्याने विचारलं.

"फार," ती म्हणाली, आणि त्याचा हात धरला.

मुकुट देवीला परत गेला. राजाला शिक्षा अशी झाली, की त्याने वेशीवर उभं राहायचं आणि दगडाचा पुन्हा माणूस झालेल्या प्रत्येकाला सांगायचं, "तुझा काहीच गुन्हा नव्हता." सोपी वाटली ना शिक्षा? पण लोकांचा विश्वासच बसेना. दिवस दिवस ते विचारत राहत, "नक्की ना महाराज? मग मला का धरलं?" राजा पुन्हा पहिल्यापासून सांगे. उत्तर पुरत नसे.

म्हाळूचंही तसंच. रंगाच्या पिंपात हात घालून उभा असला की मधेच थबके.

"भिवरे, पण त्या कैऱ्यांचं काय?"

"अहो, त्यातल्या अर्ध्या मीच नव्हत्या का खाल्ल्या?" भिवरा म्हणे. "चला, कापड पिळा."

तेव्हा कुठे तो हसे, आणि दोघं निळ्या हातांनी कापड पिळत. त्यांचा रंग पक्का बसला. तुमचा-आमचाही बसो, आणि विचारल्याशिवाय कुणी कुणाला न धरो.