पूजेची पायली

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. एका राज्यात धान्याचं एक मोठं कोठार होतं आणि त्याची वही विसाजीपंत नावाचे कारकून सांभाळत. माणूस असा काटेकोर की विचारू नका! उंदरानं कणीस पळवलं तर तेही लिहून ठेवतील, असं लोक चिडवायचे. पंत हसायचे आणि खरंच लिहायचे.

त्या राज्यात एक सुंदर रीत होती. खळ्यावर राजाच्या वाट्याची रास मोजायची तर पहिली पायली बाजूला काढायची, तिला हळदकुंकू वाहायचं आणि शेवटी ती पोत्यात घालायची. सपाटीवरच्या गावांत ही पूजेची पायली आधी मोजत नसत. कारकून ती शेवटी धरत असे. पंतांचा जन्म सपाटीवर गेलेला, त्यामुळे रास संपली की त्यांचा हात आपोआप एक पायली वाढवून आकडा लिही.

पंतांच्या नोकरीच्या पंचविसाव्या वर्षी राजानं दवंडी पिटवली, "ज्यांच्या वहीत एकही चूक नाही, त्या पंतांना पाडव्याला सोन्याचं कडं!" सगळ्या नगरीला आनंद झाला. पंतांच्या बायकोनं तर शेजारणींना सांगून सांगून घसा बसवून घेतला.

पाडव्याला आठच दिवस होते. डोंगराकडच्या गावांना नेहमी जाणारा कारकून आजारी पडला, म्हणून पंत स्वतः गेले. तिकडे ते पूर्वी एकदाच गेले होते, सात वर्षांमागे. आता डोळे मंदावले होते, म्हणून लिहिताना ते मोठ्यानं बोलत. रास संपली. पंत म्हणाले, "एकोणीस, आणि पूजेची एक, झाल्या वीस."

मोजणारी म्हातारी फिस्सकन हसली. "अहो पंत, पूजेची सुरुवातीलाच धरली की! आमच्याकडं तिलाच 'एक' म्हणतात. एकच पायली दोनदा मोजता व्हय?"

पंतांच्या हातातली लेखणी थांबली.

कारण सात वर्षांमागे याच गावात त्यांनी चाळीस राशी लिहून घेतल्या होत्या. धान्य कोठारात पोचलं तेव्हा वहीपेक्षा बरोबर चाळीस पायल्या कमी भरलं. गाड्यांबरोबर मालू मापाडी आला होता. सगळ्यांनी त्यालाच चोर ठरवलं आणि त्याच्या हातातलं माप काढून घेतलं. वहीच तशी सांगत होती ना!

पंत घरी आले, जुनी वही काढली, पुन्हा पुन्हा बेरीज केली. चाळीस राशी, चाळीस पायल्या. शंकाच उरली नाही. बायको रडकुंडीला आली. "अहो, सात वर्षांपूर्वीची वही आता कोण बघतंय? पाडवा तरी जाऊ द्या!"

पंतांनी राजाच्या दिवाणजींना सांगितलं, तर त्यांनी पळवाटच दाखवली. "पंत, गुपचूप नवं पान लावा. कुणाला कळणार आहे?"

"पानावरची चूक जाईल, दिवाणजी," पंत म्हणाले. "मालूच्या कपाळावरची कशी जाईल?"

काय हो हा माणूस! कडं हाताशी आलेलं, आणि हा स्वतःच्याच हातानं ते दूर लोटायला निघाला.

पाडव्याला दरबार भरला. राजानं कडं उचललं, तोच पंतांनी वही उघडली. जुना आकडा त्यांनी खोडला होता, पण वाचता येईल असाच. शेजारी खरा आकडा होता, आणि खाली लिहिलं होतं, 'चूक माझी. मालू निर्दोष.' ते त्यांनी खणखणीत आवाजात वाचून दाखवलं.

राजानं कडं खाली ठेवलं आणि मालूला बोलावून घेतलं.

मालू आला. सात वर्षांत त्याचे केस पांढरे झाले होते. लेकीच्या लग्नात तांदूळ मोजायलासुद्धा त्याला कुणी माप दिलं नव्हतं. पंत त्याच्यापुढं हात जोडून उभे राहिले. मालूच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पंत, लोकांचं सोडा," तो म्हणाला. "मलाच वाटू लागलं होतं, माझ्याच हातून वाटेत कुठंतरी त्या पायल्या सांडल्या असतील. वाट शोधून शोधून पाय झिजले माझे."

राजानं मालूला त्याचं माप परत दिलं आणि सात वर्षांची मजुरीही दिली. मग तो पंतांकडं वळला. "कडं बिनचूक वहीसाठी होतं, पंत. ते तुम्हाला मिळणार नाही. पण हे कोठार मात्र मी तुमच्याशिवाय कुणाच्या हाती देणार नाही. आणि यापुढं दर पाडव्याला आधी वर्षभरातल्या चुका वाचायच्या, मग मानपान."

लगेच एक रास मांडली. मालूनं पहिली पायली भरली, हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाला, "एक." पंतांनी लिहिलं. रास संपली तेव्हा राजानं गमतीनं विचारलं, "आणि पूजेची?"

"धरली, महाराज," दोघंही एकदमच म्हणाले, आणि सात वर्षांनी मालू हसला.

त्या दिवसापासून त्या राज्यात पंतांची वही कुणी पुन्हा मोजून पाहिली नाही.

तात्पर्य : हिशेबात चूक कुणाचीही होते, पण जो ती स्वतः शोधून चारचौघांत दुरुस्त करतो, त्याच्याच वहीवर जग विश्वास ठेवतं.