जहाजातली रिकामी जागा

एका खाडीच्या तोंडाशी एक लहानसं राज्य होतं. नाव त्याचं कांदळपूर. केवढं लहान? राजा राजवाड्यात शिंकला, तर सीमेवरच्या पहारेकऱ्याला ऐकू जायचं. पण समुद्र मात्र पुढ्यात अफाट पसरलेला होता, आणि त्या समुद्रावर अलीकडे कधीमधी अनोळखी शिडं दिसू लागली होती. कुणाची, कुठली, कशाला आली, कुणालाच पत्ता नव्हता.

ती शिडं राजा सोमवर्माने गच्चीवरून पाहिली आणि त्याची झोप उडाली. त्याने दरबार बोलावला.

"आपली जहाजं आपल्या आजोबांच्या काळातली आहेत," राजा म्हणाला. "मला नातवंडांच्या काळातलं जहाज हवं. पुढे जे जे संकट येईल, त्याला पुरून उरणारं."

"पुढे कोणतं संकट येणार आहे, महाराज?" आरमाराच्या सरदाराने, हैबतरावाने विचारलं.

"ते मला काय माहीत? म्हणून तर जहाज हवं!"

सगळ्या दरबाराने माना डोलावल्या. वाक्य ऐकायला झकास होतं. त्याचा अर्थ काय, हे कुणालाच कळलं नव्हतं, पण तसं भर दरबारात म्हणणार कोण?

काम आलं गोदीच्या मुख्याकडे, गुणाजी मेस्त्रीकडे. गुणाजी कसबी माणूस. लाकडावर नुसता हात फिरवून आतली कीड सांगायचा. खोड एकच. 'मला कळलं नाही' हे शब्द त्याच्या तोंडून निघायचे नाहीत. काही कळलं नाही, की तो कमरेत वाकून म्हणायचा, "होईल, महाराज." जितकं कमी कळायचं, तितका जास्त वाकायचा. आता अशा माणसाला काय म्हणावं?

कांदळपूरच्या गोदीत एक रीत होती. नवं जहाज बांधायचं, तर आधी पांगाऱ्याच्या लाकडाचा हातभर नमुना करायचा आणि देवळाच्या तळ्यात तरंगवून बघायचा. मग खऱ्या जहाजाचा लाकडी कणा वाळूवर मांडायचा आणि राजाने त्यावर नारळ वाढवायचा. नारळ वाढवेपर्यंत वाटेल ते बदला. नारळ वाढवला, की कणा हलवायचा नाही आणि जहाजाची घडण बदलायची नाही. तो अपशकुन. आणि जहाज तयार झालं, की त्याच्या पहिल्या फेरीला मेस्त्रीने आपल्या बायकापोरांसकट बसायचं. बांधणाऱ्याचा जीव त्यात असला, म्हणजे तो फळी नीट ठोकतो, असा जुन्या लोकांचा सरळ हिशेब होता.

झालं. गुणाजीने लाकूड हातात घेतलं आणि गोदीत जत्रा भरली. जो तो आपली मागणी घेऊन हजर.

तोफखान्याचा दरोगा म्हणाला, दोन्ही अंगांना तोफा हव्यात, आणि पुढे, आणि मागेही. हैबतराव म्हणाला, जहाज चपळ हवं, तेव्हा वल्ह्यांची दुहेरी रांग पाहिजे. कोठाराचा प्रमुख म्हणाला, वर्षभराचं धान्य मावलं पाहिजे. पागेचा प्रमुख म्हणाला, घोडे! समुद्रात घोडे कशाला, असं कुणीतरी विचारलं, तर तो डाफरला, "आणि उद्या किनाऱ्यावर उतरावं लागलं तर?" राजज्योतिषाला ग्रह बघायला उंच ओटा हवा होता. खुद्द राजा एके दिवशी म्हणाला, जहाज बसकं करा, शत्रूला दिसताच कामा नये. दुसऱ्या दिवशी म्हणाला, चांगलं उंच करा, शत्रूने बघताच गर्भगळीत व्हायला हवं.

"होईल, महाराज," गुणाजी दोन्ही वेळा म्हणाला.

त्याच्या डोक्याचा पार भुगा झाला. जेवताना भातावर ताक ओतायचं सोडून तो ते तांब्यात परत ओतू लागला. कुणी विचारलं, "काय गुणाजी, कुठवर आलं?" तर तो नुसता हसायचा. ते हसू रडण्याच्या फार जवळचं होतं.

शेवटी नमुना तयार झाला. त्यात सगळं होतं. तोफा होत्या, घोडे होते, धान्याची पोती होती, ग्रहांचा ओटाही होता. एका बाजूने बसका आणि दुसऱ्या बाजूने उंच, असा तो काहीतरी होता. आता मला विचाराल, की तो नेमका दिसायचा कसा, तर बाबांनो, मलाही ते धड सांगता येत नाही. पण तळ्यात सोडला, आणि काय आश्चर्य! बदकासारखा तरंगला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. राजाने गुणाजीच्या खांद्यावर शाल घातली आणि पौर्णिमेचा मुहूर्त काढला.

सगळे आनंदात घरी गेले. गुणाजी मात्र नमुना घेऊन तळ्याकाठीच बसून राहिला. नमुन्यातल्या तोफा त्याने पांगाऱ्याच्याच केल्या होत्या आणि वरून काळा रंग दिला होता. पोतीही पांगाऱ्याचीच, घोडेही पांगाऱ्याचेच. पांगारा काय, बुडवायला गेलं तरी वर येतो. खरी तोफ असते लोखंडाची. किती तोफांनी जहाज बुडेल, हे त्याला ठाऊक नव्हतं. मुळात त्या तोफा कुणावर डागायच्या, हेही ठाऊक नव्हतं. सगळ्यांना कळलंय आणि आपणच तेवढे मूर्ख आहोत, असं त्याला वाटत होतं. म्हणून तो मूग गिळून बसला.

घरी त्याची बायको भागीरथी आतापासूनच पहिल्या फेरीची तयारी करू लागली होती. लोणच्याची बरणी, सासूबाईंची घोंगडी, लेकीची बाहुली, असं एकेक काढून ठेवत होती.

"अहो," तिने विचारलं, "आपण बसायचं कुठे?"

"कुठे म्हणजे? जहाजात."

"जहाजात कुठे? सासूबाईंचे गुडघे धरतात. त्यांना खाली बसवायचं की वर?"

गुणाजीने नमुना पुढे ओढला. इथे तोफा. इथे घोडे. इथे पोती. इथे वल्ही. इथे ओटा. त्याचं बोट नमुन्यावरून फिरत राहिलं आणि कुठेच थांबेना. माणसाला बसायला जहाजात जागाच नव्हती! सासूबाईंना नव्हती, तशी खलाशांनाही नव्हती. पाण्याचं एक पिंप ठेवायलाही नव्हती. कुणी मागितलीच नव्हती, म्हणून कुणी ठेवली नव्हती.

"तुम्हाला माहीत नाही?" भागीरथीने विचारलं.

"नाही गं," गुणाजी म्हणाला. "मला यातलं काहीच कळलेलं नाही."

जन्मात पहिल्यांदा ते शब्द त्याच्या तोंडून निघाले होते. भागीरथी हसली नाही. ती घाबरली. तिने लेकीची बाहुली उचलून परत फडताळात ठेवली.

"मग हे तिकडे जाऊन सांगा," ती म्हणाली.

"महाराज काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते कोरड्या जमिनीवर म्हणतील."

पौर्णिमा उजाडली. वाळूवर सागाचा भलाथोरला कणा मांडलेला होता, त्याला फुलांच्या माळा घातलेल्या होत्या. ढोल वाजत होते. राजाने नारळ उचलला.

"थांबा, महाराज!"

ढोल थांबले. गुणाजी पुढे आला. या वेळी तो वाकला नाही, कारण वाकला असता तर तोंडून पुन्हा 'होईल' निघालं असतं.

"महाराज, मला हे जहाज कळलेलं नाही."

"तू तर होईल म्हणालास!"

"म्हणालो. न कळताच म्हणालो. हे जहाज कशासाठी आहे, हे मी विचारलं नाही, कारण विचारायची लाज वाटली. आता नारळ वाढवलात तर माझी आई, बायको आणि लेक त्यात बसतील, आणि ते बुडेल."

राजाचा चेहरा लालबुंद झाला. गुणाजी बरोबर आणलेला नमुना घेऊन तळ्याकडे गेला. सगळे त्याच्या मागे गेले. त्याने रंगवलेल्या तोफा काढल्या आणि त्यांच्या जागी जाळ्याला बांधतात त्या शिशाच्या गोळ्या ठेवल्या. पोत्यांच्या जागी ओली वाळू भरली. नमुना सोडला. तो एकदा डावीकडे कलला, एकदा उजवीकडे कलला, आणि डुबुक करून तळाशी गेला.

हैबतराव पाण्यावरच्या बुडबुड्यांकडे बघत राहिला. "यात माझी माणसं बसणार होती," तो हळूच म्हणाला.

"सांगा मग," राजा ओरडला, "हे जहाज कशासाठी आहे?"

दरोगा म्हणाला, लढाईसाठी. कोठारप्रमुख म्हणाला, छे, लांबच्या सफरीसाठी. पागेचा प्रमुख नेहमीप्रमाणे घोड्यांवर आला. पुन्हा एकच गलका झाला. मग एकेक करत सगळे राजाकडे बघू लागले. राजाच्या हातात नारळ तसाच होता. त्याने तो एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"मलाही माहीत नाही," राजा म्हणाला. "ती शिडं दिसली आणि मला भीती वाटली. एवढंच."

नारळ शेंडीसकट देवघरात परत गेला. त्यानंतर कित्येक महिने गुणाजी आणि हैबतराव तळ्याकाठी नमुने बुडवत बसले. शिसं घालायचे, वाळू घालायचे, बुडवायचे, परत करायचे. सगळा गोंधळ काही मिटला नाही. पुढे काय येणार, हे कुणाला कळणार होतं? पण जेवढं कळत होतं, तेवढं त्यांनी पक्कं केलं. वादळात जहाज उलटता कामा नये. माणसांना निजायला जागा हवी. प्यायला पाणी हवं. तोफा हव्यात, पण पेलतील तेवढ्याच. आणि बरोबर मधोमध गुणाजीने चांगली ऐसपैस जागा मोकळी सोडली.

"इथे आणखी तोफा बसतील!" दरोगा म्हणाला.

"बसतील. पण ठेवायच्या नाहीत."

"मग ही जागा कशासाठी?"

"आपल्याला अजून जे कळलेलं नाही, त्यासाठी."

गावाने त्या जागेला 'गुणाजीचा गोंधळ' असं नाव ठेवलं आणि पोट धरधरून हसून घेतलं. राजा मात्र हसला नाही. त्याने नारळ वाढवला.

जहाज तयार झालं. पहिल्या फेरीला गुणाजीचं बिऱ्हाड रीतीप्रमाणे निघालं. सासूबाई त्या मोकळ्या जागेत घोंगडी अंथरून ऐटीत बसल्या. हैबतराव सुकाणूपाशी होता, दरोगा तोफांपाशी. भर समुद्रात वारा पिसाळला. जहाज डुललं, कण्हलं, पण उलटलं नाही. वारा पडला, आणि समोर पाण्यावर काय दिसावं? तशीच अनोळखी शिडं. पण फाटलेली. गलबत फुटलं होतं, आणि माणसं फळ्यांना धरून तरंगत होती. म्हातारे होते, बायका होत्या, पोरं होती. ती ओरडत होती, पण त्यांची भाषा कुणालाच कळत नव्हती.

दरोगाने तोफेवर हात ठेवला आणि हैबतरावाकडे बघितलं. हैबतराव गोंधळला. "शत्रू आहेत, की कोण आहेत?"

"मला काय माहीत?" भागीरथी म्हणाली. "आधी वर घ्या, मग विचारा!"

दोर सोडले. एकेकाला वर ओढलं आणि त्या मोकळ्या जागेत बसवलं. जागा भरली, तरी जहाज पाण्यावर सरळ उभं राहिलं. सासूबाईंनी घोंगडी एका कुडकुडणाऱ्या बाईच्या अंगावर घातली. लोणच्याची बरणी हातोहात फिरली. लेकीने आपली बाहुली एका परक्या पोराला दिली, आणि ते पोर रडायचं थांबलं.

ते लोक कोण, कुठले, घर सोडून का निघाले होते, हे कांदळपूरला कळायला पुढे बराच काळ जावा लागला. पण ती जागा कशासाठी, हे दरोगाने पुन्हा कधी विचारलं नाही.

तात्पर्य: जे कळलं नाही, ते नारळ वाढवण्याआधीच 'कळलं नाही' म्हणून सांगावं. कबूल केलेल्या गोंधळासाठी जागा ठेवता येते. लपवलेला गोंधळ सगळ्यांना घेऊन बुडतो.