इरण्णाचा अवेळी भोंगा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. गावात सूतगिरण्या भरपूर, पण मनगटी घड्याळं साहेबलोकांकडेच. बाकी सगळं गाव इरण्णाच्या भोंग्यावर उठायचं नि जेवायचं. इरण्णा जुन्या गिरणीचा बॉयलरवाला. त्यानं साखळी ओढली की भोंगा वाजायचा आणि पाळी सुटायची.

कामावरून सुटला की इरण्णा बागेतल्या पाण्याच्या टाकीखाली जायचा. तिथं त्याच्यासारखी मंडळी जमायची, पुरुषांवर जीव जडलेले पुरुष. कुणी गिरणीत साच्यावर सूत काढणारा, कुणी शिंपी, एक तर शाळामास्तर. भजी खायची, गाणी म्हणायची, "अगं वन्सं, आज लई नटलीस!" म्हणून चिडवायचं, आणि दिवे लागले की गुमान घरी. इरण्णाचा जीव नागेशवर. गावाला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? गाव बोलत नव्हतं, एवढंच.

मग एक तापट फौजदार आला. "एकेकाचं तोंड काळं करून बाजारातून धिंड काढतो," म्हणाला. नागेशच्या बहिणीचं लग्न तोंडावर आलेलं. धिंड निघाली असती तर लग्न मोडलं असतं, आणि नागेशनं विहीर जवळ केली असती. इरण्णाला त्याचीच धास्ती.

एका दुपारी भोंग्याचा बॉयलर दुरुस्तीला काढलेला, थंडगार. इरण्णा वर चढून नळी पुसत होता. तिथून त्याला दिसलं, बागेच्या फाटकाशी पोलीसगाडी आणि आत टाकीखाली नागेशचा तांबडा मफलर. वाफ नाही, काही नाही, तरी त्यानं साखळी ओढली.

आणि भोंगा वाजला! गावच्या तळ्याचं पाणी उभं राहिलं, असं म्हणतात. पाळी सुटली समजून सगळ्या गिरण्या बाहेर पडल्या. सगळ्यांची वाट बागेतूनच. त्या लोंढ्यात टाकीखालची मंडळीही चालू लागली. गिरणीवाल्यांच्या केसांत कापूस होता, शिंप्याच्या नि मास्तरच्या नव्हता; तेवढ्यावरून फौजदारानं त्यांना हेरलं असतं. तेव्हा गिरणीतल्या बायांनी चालता चालता आपल्या पदराचा कापूस त्यांच्या डोक्यावर झटकला, असं म्हणतात. फौजदार शिट्ट्या फुंकत राहिला. धरणार कुणाला?

मॅनेजरनं विचारलं, "भोंगा का वाजवलास?"

"माझा माणूस आत होता, साहेब."

नोकरी गेली. नागेशच्या बहिणीचं लग्न मात्र थाटात झालं. पुढं दोघांनी टाकीशेजारी चहाची गाडी टाकली नि तिथंच म्हातारे झाले.

आता गिरण्या नाहीत. भोंगा टाकीखाली आणून ठेवलाय. खंडेनवमीला गाव त्याला झेंडू वाहतं आणि शेजारच्याच्या डोक्यावर चिमूटभर कापूस ठेवतं, ओळखीचा असो नसो. नवी सून विचारते, "हे कशाला?"

सासू म्हणते, "ठेव गं. कुणाचं तरी माणूस आत असतं."