भिवरानं धरलेला सूर

करंजघोळला गाडीरस्ता नव्हता आणि खिंड पायांनीच ओलांडावी लागायची, त्या काळातली ही गोष्ट. नेमकी किती वर्षं झाली ते विचारू नका. मोजणारे केव्हाच गेले.

तर त्या गावात बाळकू नावाचा वाजंत्री होता. वाघजाईच्या देवळात सकाळ-संध्याकाळ सनई वाजवायची, हे त्याच्या घराचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. आता देवळातली सनई काही एकट्यानं वाजत नाही, बरं का. एक जण चाल वाजवतो आणि त्याच्या डाव्या हाताला बसलेला दुसरा नुसता सूर धरतो. एकच सूर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. गालात वारा साठवायचा, नाकानं श्वास घ्यायचा आणि सूर तुटू द्यायचा नाही. वाहवा होते ती चाल वाजवणाऱ्याची. सूर धरणाऱ्याकडं बघतो कोण? पण तो थांबला की चाल बोडकी वाटते.

बाळकूचा सूर धरायची त्याची लेक भिवरा. आई लहानपणीच गेलेली, घरात तिसरं माणूस नाही, म्हणून सातव्या वर्षीच पोर डाव्या हाताच्या दगडावर बसली. मुलीच्या जातीनं सनई फुंकावी का, म्हणून गावानं आधी नाकं मुरडली, मग सवय झाली. बाळकू फार मोठा वाजवणारा होता असंही नाही हो. संध्याकाळच्या आरतीच्या चालीत तिसऱ्या वळणावर तो हमखास घसरायचा, आणि घसरला की डोळ्याच्या कोपऱ्यातून लेकीकडं बघून हसायचा. सूर न तोडता भिवराही डोळ्यांनीच हसायची. बापलेकीचं बोलणं म्हणाल तर एवढंच.

अशात गावच्या शाळेच्या मास्तरांना कळलं, की संस्थानच्या मोठ्या शाळेत गाणं-वाजवणं शिकायला दरवर्षी एका मुलाला शिष्यवृत्ती मिळते. राहणं, खाणं, शिकवणं, सगळं पाच वर्षं शाळेचं. मास्तर भिवराला घेऊन दोन दिवस चालत गेले. ती तेव्हा अकरा वर्षांची होती.

परीक्षा घेणारे पंतगुरुजी म्हणाले, "येतं ते वाजव."

इतर मुलांनी लांबलचक चाली वाजवल्या होत्या. भिवराला येत होतं ते एकच. तिनं सनई तोंडाला लावली आणि सूर धरला. मुलं फिदीफिदी हसली. "पुढं वाजव की!" कुणीतरी ओरडलं. पोर बिचारी पुढं काय वाजवणार? पुढचं वाजवणारा घरी राहिलेला. ती आपली सूर धरून बसली. हसणारे हसून थकले. शाळेची घंटा झाली, मुलं जेवून आली, पुन्हा घंटा झाली, तरी सूर जागचा हलला नाही. त्या वेळी अंगणातल्या पिंपळाचं पानसुद्धा हललं नाही, असं म्हणतात. शेवटी पंतगुरुजींनीच डोळे पुसले आणि म्हणाले, "बाळ, पुरे. मुक्काम इथंच."

दोघं बातमी घेऊन परतले आणि गावात आनंदीआनंद झाला. बाळकूनंही पेढा खाल्ला. पण शिष्यवृत्तीचा नियम कडक होता. पाच वर्षं शाळा सोडायची नाही; मधेच घरी गेलं की शिष्यवृत्ती गेली. भिवरा म्हणाली, "आबा, मी नाही जात. तुमचा सूर कोण धरणार?"

"कोणी नाही धरणार," बाळकू म्हणाला. "तुझ्या जागेवर मी कोणाला बसवणार नाही. तू जा. माझं तिसरं वळण नीट कसं वाजवायचं, तेवढं शिकून ये."

ती गेली. आणि तिथं तिला सगळं मिळालं, फक्त माणूस मिळालं नाही. वसतिगृहात मुलींमध्ये तिच्या बोलण्याची टिंगल व्हायची. जेवणाच्या पंगतीत तिच्या शेजारचा पाट रिकामाच राहायचा. शिकली मात्र भराभर. दुसऱ्या वर्षी ती चाली वाजवू लागली, तिसऱ्या वर्षी तिच्यापुढं बसायला मोठी मुलंही कचरू लागली. पण ती वाजवायची तेव्हा डाव्या हाताला सूर धरायला कोणी नसायचं. पेटीचा सूर होता, पण पेटीकडं बघून हसता येत नाही ना!

म्हणून रोज दिवेलागणीला ती शाळेच्या गच्चीवर जायची, गावाकडं तोंड करायची आणि नुसता सूर धरायची. तिकडं करंजघोळला तो सूर पोचायचा, असं म्हणतात. दोन दिवसांची वाट, मध्ये तीन डोंगर, तरी पोचायचा. बाळकू मान हलवून सनई उचलायचा आणि तिसऱ्या वळणावर घसरून रिकाम्या दगडाकडं बघून हसायचा. त्याला वेड लागलंय, असं काही जण म्हणत. म्हणू द्यात.

महिन्याला एक पत्र यायचं. बाळकू सांगायचा, मास्तर लिहायचे. शेवटची ओळ ठरलेली: 'तुझ्या जागेवर कोणी बसलेलं नाही.'

चौथ्या वर्षी एका संध्याकाळी सूर धरलेला असताना भिवरानं एकदम कान टवकारले. तिकडची चाल थांबली, असं तिला वाटलं. तिनं घाबरून पत्र लिहिलं: 'आबा बरे आहेत ना? मी येऊ का?' उत्तर आलं, तेच अक्षर, तोच मजकूर. इकडे सर्व क्षेम. अभ्यास सोडू नकोस. तुझ्या जागेवर कोणी बसलेलं नाही.

तिनं विश्वास ठेवला. ठेवणार नाही तर काय करणार?

पाच वर्षं संपली. शाळेनं तिला शाल दिली, नवी सनई दिली, इथंच शिकवायला राहा म्हणून आग्रह केला. ती एक दिवससुद्धा थांबली नाही. खिंड उतरून धावतच देवळात आली. बघते तर डावा दगड रिकामा होता. उजवाही रिकामा होता.

मास्तर खाली मान घालून उभे राहिले. "चौथ्या वर्षीच गेले गं पोरी. त्यांनीच शपथ घातली होती. कळवलं तर येशील, आणि सगळं शिक्षण जाईल म्हणून."

भिवरा रडली नाही आधी. मग म्हणाली, "मास्तर, ते तिसरं वळण आता मी कुणाला वाजवून दाखवू?" आणि मग जी रडली, तिला आवरायला अख्ख्या गावात कोणी पुढं झालं नाही.

दिवेलागणी झाली. सगळ्यांना वाटलं, आता मोठ्या शाळेत शिकलेली मुलगी बापाच्या जागी बसणार. ती गेली आणि डाव्या दगडावर बसली. जुनी सनई घेतली. सूर धरला, नुसता सूर.

आणि त्या सुरावर चाल ऐकू आली, असं म्हणतात. गुरवानं ऐकली, मास्तरांनी ऐकली, पाणी घेऊन चाललेल्या बायांनी ऐकली. कुणाला भास वाटेल. पण तिसऱ्या वळणावर ती चाल घसरली हो! नेमकी तिथंच. बाया हंडे खाली ठेवून उभ्या राहिल्या. भिवरानं सूर न तोडता उजवीकडं बघितलं आणि ती डोळ्यांनी हसली.

पुढं ती म्हातारी होईपर्यंत जगली. गावातल्या कितीतरी पोरापोरींना तिनं चाली शिकवल्या, आरतीची चाल तर बापासारखीच, घसरगुंडीसकट. पण देवळात ती स्वतः कधी उजवीकडं बसली नाही.

आता खिंडीतून एसटी जाते. गावातलं एखादं पोर बाहेर शिकायला निघालं, की आजही कोणीतरी डाव्या दगडावर बसतं आणि गाडी खिंड ओलांडेपर्यंत सूर धरतं. चाल कोणी वाजवत नाही; उजवा दगड त्या पोरासाठी रिकामाच ठेवतात. याला गावात 'भिवराचा सूर' म्हणतात. पोर खिडकीतून मान बाहेर काढून ऐकत राहतं. आपल्या जागेवर कोणी बसणार नाही, एवढं त्याला कळतं.